वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधीचे समुपदेशन : एका सेवेचे परीक्षण

पुण्यातील एका खासगी रुग्णालयात वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया ठरली की रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना आधी एक तयारीचा कार्यक्रम पूर्ण करावा लागतो. त्या कार्यक्रमाबद्दल मी हे लिहीत आहे. शस्त्रक्रियेबद्दल आणि उतरलेल्या किलोंबद्दल पुष्कळ जण लिहितात. परंतु निर्णय झाल्यापासून शस्त्रक्रियागृहात नेईपर्यंतच्या काळात, जेव्हा माणूस रात्र रात्र जागून ‘किती दुखेल आणि मी पुन्हा हिंडती-फिरती कधी होईन’ याचाच विचार करीत असतो, तेव्हा रुग्णालय त्याच्यासाठी काय करते, याविषयी फारसे वाचायला मिळत नाही. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला कोणाची जाहिरात किंवा बदनामी करायची नसून अशी सेवा कोणत्या कसोटीवर तपासावी एवढेच सांगायचे आहे. वेदना आणि भूल या दोन विषयांत मला ही सेवा फार उत्तम वाटली. मनाची विचारपूस आणि कागदपत्रे यांत मात्र ती तोकडी पडली.

मला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे आणि झोपेत श्वास अडकण्याचाही त्रास आहे. माझ्यासाठी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी ठरली होती. या शस्त्रक्रियेत दुर्बिणीच्या साहाय्याने जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी तेवढी मागे ठेवतात. वाचताना हे सोपे वाटते. परंतु पोटावरच्या शस्त्रक्रियेची माझी एकुलती एक आठवण सिझेरियनची होती, आणि त्या वेळी खोकला आला तरी डोळ्यांपुढे अंधारी येत असे. त्यात श्वासाचा त्रास असल्यामुळे भूल दिल्यावर आपण जागेच झालो नाही तर काय, ही धास्ती वेगळी.

या भीतीची एक अडचण अशी की ती घरात बोलून दाखवता येत नाही. अपेंडिक्सच्या किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेला घाबरलेल्या माणसाला सगळे धीर देतात. वजनाच्या शस्त्रक्रियेला घाबरलेल्या बाईला मात्र ‘मग करतेस कशाला, भात सोड आणि रोज पर्वतीवर जा’ असे ऐकावे लागते. भीती व्यक्त केली की ती निर्णयाच्या विरोधातला पुरावा ठरते, म्हणून माणूस ती गिळून टाकतो. याआधी ज्या दुसऱ्या एका रुग्णालयात मी चौकशी केली होती, तेथील समन्वयक बाईंनी तर ‘काही दुखत नाही हो ताई, चार भोकं फक्त’ असे सांगून पुढ्यात पॅकेजचा तक्ता सरकवला होता. त्या हेतुपुरस्सर खोटे बोलत होत्या असे मी म्हणणार नाही, परंतु त्या वाक्याने माझी झोप आणखीच उडाली, कारण ज्या गोष्टीबद्दल कोणी नीट बोलतच नाही ती फार वाईट असणार, असेच मन धरून चालते.

या कार्यक्रमाचे मोठेपण पहिल्याच बैठकीत जाणवले. ती एका अनुभवी परिचारिकेने घेतली. तिने शून्य ते दहा असे आकडे लिहिलेली पट्टी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, “काकू, शून्य दुखेल असं मी सांगणार नाही. तीन-चारच्या आसपास ठेवायचा आम्ही प्रयत्न करू. पाचच्या वर गेलं की तुम्ही बेल दाबायची. सोसून दाखवायचं नाही.” सोसू नये याचे कारणही तिने सांगितले आणि ते मला पूर्वी कोणी सांगितले नव्हते: दुखते म्हणून रुग्ण वरवर श्वास घेत राहिला की फुप्फुसांचा खालचा भाग नीट उघडत नाही आणि तेथे संसर्ग होऊ शकतो, दुखते म्हणून तो पडून राहिला की पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. म्हणजे वेदनाशामक औषध मागणे हा नाजूकपणा नसून उपचारातला रुग्णाचा वाटा आहे. आमच्या पिढीच्या बायकांना हे स्पष्ट शब्दांत सांगण्याची फार गरज आहे, कारण मुकाट सोसण्याचेच आमच्याकडे कौतुक होत आले आहे.

त्यानंतर कुठे कुठे दुखेल याची तिने जागेनिशी माहिती दिली. पोटावरच्या लहान छेदांपैकी ज्यातून जठराचा तुकडा बाहेर काढतात, तो इतरांपेक्षा जास्त ठणकतो. घशात नळी घातलेली असल्यामुळे घसा खवखवतो. आणि खांदा दुखतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा का दुखावा, हे कळले नसते तर मी हृदयविकाराच्या शंकेने अर्धमेली झाले असते. परंतु दुर्बिणीला जागा मिळावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, त्यामुळे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, ताणले जाते व चुरचुरते, आणि श्वासपटलाची व खांद्याची संवेदना मणक्यात एकाच ठिकाणी पोहोचत असल्यामुळे मेंदूला ते दुखणे खांद्यात असल्याचे भासते, हे तिने हाताने दाखवून समजावले. या दुखण्यावर गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, चालण्याने आराम पडतो आणि थोड्या दिवसांत ते आपोआप थांबते, हेही तिने जोडीला सांगितले.

मग तिने मला खाटेवर आडवे व्हायला लावले. सरळ उठून बसायचे नाही. आधी गुडघे वाकवायचे, साऱ्या अंगासकट कुशीवर वळायचे, पाय खाटेखाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपराने व तळव्याने गादी दाबत वर यायचे. खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट धरायची. तीन रंगीत चेंडूंचे श्वासाचे यंत्र कसे ओढायचे हेही तिने तेव्हाच शिकवले आणि घरी सराव करायला ते बरोबर दिले. माझे यजमान शेजारी उभे होते; त्यांनी ओढून उठवायला हात पुढे केला, तेव्हा तिने त्यांना थांबवून पाठीमागून आधार कसा द्यायचा ते करून दाखवले. शस्त्रक्रियेच्या संध्याकाळी पहिल्यांदा उठायची वेळ आली, तेव्हा ही हालचाल अंगवळणी पडलेली होती आणि पोटाला हिसका बसला नाही. या एका धड्यासाठी मी या सेवेला पूर्ण गुण देईन.

भूलतज्ज्ञांची भेटही तितकीच मोलाची ठरली. श्वासाच्या त्रासासाठी मी रात्री हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारे जे सीपॅप यंत्र वापरते, ते रुग्णालयात बरोबर आणण्यास त्यांनी सांगितले. अफूच्या वर्गातील वेदनाशामके श्वास मंद करतात, म्हणून माझ्या बाबतीत ती कमीत कमी देऊन सलाईनमधून पॅरासिटामॉल आणि छेदांच्या जागी बधिरता आणणारे इंजेक्शन यांवर भर देणार असल्याचे त्यांनी समजावले. इब्युप्रोफेनसारख्या गोळ्या पुढे मनाने घेऊ नयेत, त्यांनी जठरात व्रण होऊ शकतो, ही ताकीदही दिली. जागे होताना अंगाला कापरे भरू शकते, घसा कोरडा पडतो, आपण कोठे आहोत हे क्षणभर कळत नाही, आणि यांपैकी काहीही विपरीत नसते, असे त्यांनी सांगितले. प्रत्यक्षात मला जाग आली ती दातावर दात आपटत, आणि तशाही अवस्थेत ‘हे सांगितलेलेच आहे’ एवढे भान मला होते.

धोक्यांबद्दल शल्यविशारद स्वतः बोलले आणि त्यांनी आकडे लपवले नाहीत. अनुभवी केंद्रांत मृत्यूचे प्रमाण हजारात एकाच्या आसपास, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेशी तुलना करता येण्याजोगे असते. शिवण उसवून जठरातून गळती होण्याचे प्रमाण शंभरात एक-दोन धरावे, असे ते म्हणाले. घरी गेल्यावर नाडी सतत 120 च्या वर राहिली, ताप आला, पोटातले दुखणे ओसरण्याऐवजी वाढत गेले किंवा धाप लागू लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात यायचे, हे त्यांनी माझ्या यजमानांकडून पुन्हा म्हणवून घेतले. आकडे ऐकून माझी भीती नाहीशी झाली नाही, परंतु कशाला घाबरायचे आणि कशाला नाही हे कळल्यामुळे ती आटोक्यात आली, आणि घरच्यांनाही उगाच ‘काही होणार नाही गं’ म्हणत बसण्यापेक्षा नाडी मोजण्याचे काम मिळाले.

आहारतज्ज्ञांचा भाग चांगला होता, मात्र तो आमच्या स्वयंपाकघराला धरून नव्हता. शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकांचा, प्रथिनयुक्त आहार असतो. त्याने जठरावर आलेले यकृत आकसते आणि शल्यविशारदांना काम सोपे जाते. हे कारण समजल्यावर त्या बेचव दिवसांना अर्थ आला, आणि आपल्या हातातही काही आहे या जाणिवेने धीरही आला. परंतु शस्त्रक्रियेनंतरच्या द्रव आहाराची छापील यादी ‘क्लिअर सूप’ आणि ‘ब्रॉथ’ यांनीच भरलेली होती. विचारल्यावर बाईंनी आनंदाने मुगाचे गाळलेले कढण, पातळ ताक, शहाळ्याचे पाणी आणि पुढच्या टप्प्यावर नाचणीची आंबील लिहून दिली, आणि यांतून रोजची 60 ते 80 ग्रॅम प्रथिने पूर्ण होणार नाहीत म्हणून प्रथिनांची भुकटी का लागते तेही सांगितले. हे मुळातच छापलेले असावे. प्रत्येक रुग्ण विचारीलच असे नाही.

मानसोपचारतज्ज्ञांच्या भेटीने मात्र माझी निराशा केली. त्यांनी एका प्रश्नावलीतले प्रश्न क्रमाने विचारले. मन उदास असते का, रात्री उठून खाता का, व्यसन आहे का, हे सारे आवश्यकच आहे. परंतु ‘तुम्हाला कशाची भीती वाटते’ हा साधा प्रश्न त्यांत नव्हता. ती उणीव पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांबरोबरच्या गटचर्चेने बरीच भरून काढली. तेथे एका बाईंनी सांगितले की घरी गेल्यावर एके दुपारी सगळ्यांची ताटे मांडलेली पाहून त्यांना रडू कोसळले आणि ‘हे मी काय करून बसले’ असे वाटले, व असे वाटणे पुढे हळूहळू ओसरले. माझ्यावरही तशी दुपार आली, आणि त्यांचे बोलणे ऐकलेले नसते तर मी तो दिवस आपला निर्णय चुकल्याचा पुरावा समजले असते.

जे सांगितले गेले नाही, त्यात मळमळीचा क्रमांक पहिला. वेदनेची इतकी बारकाईने तयारी करून घेणाऱ्या या लोकांनी मळमळीचा उल्लेख जाता जाता केला, आणि प्रत्यक्षात पहिल्या रात्री मला वेदनेपेक्षा मळमळीनेच अधिक छळले. जठराला सूज असल्यामुळे घोटभर पाणीही वर येते आणि तोंडात फेसासारखी लाळ साचते. त्यावर औषधे असतात व ती मागता येतात, एवढे सांगितले असते तरी पुरे होते. दुसरे म्हणजे थकवा. छेद लवकर भरून येतात, त्यामुळे बघणाऱ्यांना आपण बरे दिसतो, परंतु पोटात जाणारे अन्न इतके कमी असते की जिना चढून आल्यावर बसावे लागते. कामावर लवकर जाता येते हे खरे असले, तरी घरातली बाई ‘कामावर’ सकाळी सहापासूनच असते, हे येथे कोणी लक्षात घेतलेले दिसले नाही. पाण्याची भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, कडेवर झेपावणारे नातवंड यांपासून चार ते सहा आठवडे दूर राहायचे, हे घरातल्या सर्वांसमोर सांगायला हवे. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस गळतात व ते बहुधा तात्पुरते असते, हेही मला गटचर्चेतच कळले.

सर्वांत मोठी तक्रार संमतिपत्राची आहे. इतके सगळे मराठीत समजावून दिल्यावर सही करण्यासाठी जो कागद आला, तो दाट अक्षरांतल्या इंग्रजीत होता आणि तोही शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी. त्यातल्या गुंतागुंतींची यादी वाचून माझी जुनी भीती पुन्हा उसळली. तो कागद पहिल्याच बैठकीत मराठीत दिला, तर प्रश्न विचारायला वेळ मिळेल. विम्याबाबतही असेच. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) 40 किंवा त्याहून अधिक, अथवा 35 किंवा त्याहून अधिक आणि त्यासोबत आटोक्यात न येणारा मधुमेह किंवा श्वास अडकण्याचा तीव्र त्रास यांसारखा गंभीर आजार असेल, तरच हा खर्च ग्राह्य धरतात. शिवाय प्रतीक्षाकालाची अट असू शकते. ही माहिती देण्यासाठी तेथे कोणीही नेमलेले नव्हते, आणि मंजुरी येईपर्यंतची टांगती तलवार वेदनेच्या भीतीइतकीच झोप उडवते.

कार्यक्रमाचे शुल्क शस्त्रक्रियेच्या खर्चातच धरलेले असते. माझ्या मते ज्याला भूल, वेदना किंवा अंथरुणावर पडून राहणे यांची धास्ती आहे, त्याने अशी सेवा असलेलेच रुग्णालय निवडावे आणि घरातला एक माणूस प्रत्येक बैठकीला बरोबर न्यावा. सुटी मिळताना दिलेला रात्रीचा दूरध्वनी क्रमांक कोठे लागतो, हे आधीच लावून पाहावे. आमच्याकडचा स्वागतकक्षात लागत असे आणि तेथून प्रभागातील परिचारिकेपर्यंत पोहोचायला बराच वेळ जाई. ज्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, त्यांनी भूलतज्ज्ञांची भेट शस्त्रक्रियेच्या निदान आठवडाभर आधी मागून घ्यावी. मी आग्रह धरला म्हणून मला ती वेळेवर मिळाली; एरवी ही भेट आदल्या दिवशी, प्रभागातल्या फेरीत उभ्या उभ्याच उरकली जाते.