एमएलएक्स९०६४०: क्यूबसॅटसाठी क्षितिज-सेन्सर म्हणून घ्यावा का?

एमएलएक्स९०६४० हा मेलेक्सिस कंपनीचा ३२×२४ पिक्सेलचा थर्मल (उष्णता टिपणारा) सेन्सर उपग्रहासाठी बनवलेला नाही, तरी क्यूबसॅटचा, म्हणजे छोट्या ठोकळ्यासारख्या उपग्रहाचा, कल मोजायला तो चांगलाच कामी येतो. अवरक्त किरणांत पृथ्वी उबदार दिसते, अवकाश गार. मधली कड रात्रीही सापडते. सूर्याची दिशा टिपणारा सन-सेन्सर पृथ्वीच्या सावलीत निरुपयोगी, हा तिथेही चालू.

११०°×७५° आणि ५५°×३५° दृष्टिक्षेत्राच्या दोन प्रकारांपैकी पहिलाच घ्या. दुसऱ्याचा पिक्सेल निम्मा, १.७ अंशांचा, पण उपग्रह जरा कलंडला की क्षितिज चौकटीबाहेर जातं. ५०० किमी उंचीवर क्षितिज आडव्या पातळीच्या २२ अंश खाली असतं, तेवढाच सेन्सर झुकवून बसवा. तोंड पुढच्या दिशेला असेल तर कडेच्या उंचीवरून पिच (पुढे-मागे कल) निघतो, तिरकेपणावरून रोल (डावी-उजवीकडे कल). यॉ (उभ्या अक्षाभोवतीचं वळण) काही मिळत नाही. त्याला मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर) लागतोच.

खरी डोकेदुखी सॉफ्टवेअरची. ड्रायव्हरमधलं (सेन्सर चालवणाऱ्या तयार कोडमधलं) तापमान काढणारं फंक्शन अवकाशाच्या पिक्सेलवर वापरू नका: चौथ्या मुळाखाली ऋण आकडा येऊ शकतो आणि गणित कोसळतं. नुसती प्रतिमा देणारं फंक्शन पुरतं. 'शून्य अंशाच्या वर ते पृथ्वी' असा ठोकळ नियमही नको. उष्ण कटिबंधातल्या उंच ढगांचे माथे उणे ७० अंशांपर्यंत गार असतात, ते अवकाशात जमा होतील. प्रत्येक स्तंभात अवकाशाकडून खाली येत पहिली चढण पकडा, मग त्या बिंदूंवर वक्र बसवा आणि फटकून असलेले बिंदू टाकून द्या.

चित्र बुद्धिबळाच्या पटासारखं दोन हप्त्यांत येतं. मूळ सेटिंग २ हर्ट्झचं (सेकंदाला दोन हप्ते), म्हणजे दोन हप्त्यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर. उपग्रह सेकंदाला ५ अंशांनी फिरत असेल तर तेवढ्यात कड २.५ अंश सरकते आणि क्षितिजाला करवतीचे दात फुटतात. ८ हर्ट्झ ठेवा. गोंगाट वाढतो, पण वक्र बसवताना तो बराचसा विरतो.

जोडणीत कंजुषी नको. सेन्सरचा धातूचा डबा एका बाजूने तापला की चित्रावर खोटा उतार चढतो, आणि निर्वातात तो सारखा करायला हवा नसते. डबा सगळीकडून चिकटेल अशी ॲल्युमिनियमची बैठक करा. हा भाग किरणोत्सार सहन करण्यासाठी बनवलेला नाही, म्हणून त्याची वीज तोडणारा स्वतंत्र लोड स्विच हवाच: अडकला की वीज तोडून पुन्हा चालू करायची. सूर्य चौकटीत आला तर ती फ्रेम सरळ फेकून द्या.

एका अंशाच्या आतली खात्रीची अचूकता हवी असेल तर हा सेन्सर घेऊ नका.