नोटा खऱ्या होत्या, पण त्या देशाच्या नव्हत्या

गेल्या उन्हाळ्यात माझे मामा सांगलीहून मला भेटायला ड्रेस्डेनला आले होते आणि त्या मुक्कामात एक दिवस आम्ही प्राग पाहायला गेलो असताना त्यांचे २०० युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण १८,००० रुपये, भर दुपारी आणि भर चौकात गेले. हे लिहायला मामांनी स्वतः परवानगी दिली आहे, तीही एका अटीवर की रक्कम लपवायची नाही. जर्मनीत शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींकडे आईवडील किंवा काकामामा आले की प्रागची फेरी बहुतेक ठरलेलीच असते, म्हणून झाले ते सगळे तपशिलाने सांगते.

आधी मामांविषयी सांगायला हवे. ते एका सहकारी बँकेत सदतीस वर्षे रोखपाल होते. नोट हातात आली की अंगठ्याने तिचा कागद चाचपणे, उजेडाकडे धरून जलचिन्ह पाहणे आणि मगच ती मोजणीत घेणे ही त्यांची निवृत्तीनंतरही न सुटलेली सवय आहे. पैशाच्या बाबतीत भोळा म्हणावा असा हा माणूस नाही, आणि हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण घरी ही गोष्ट कळल्यावर पहिली प्रतिक्रिया ‘तुम्ही बघून घेतलं नाहीत का?’ अशीच आली. त्यांनी बघून घेतले होते.

ड्रेस्डेनहून प्रागला जाणारी रेल्वे एल्ब नदीच्या काठाकाठाने जाते आणि सव्वादोन-अडीच तासांत पोहोचते. वाटेत सीमा कधी ओलांडली ते कळतही नाही. चेक प्रजासत्ताक २००४ पासून युरोपीय संघात आहे, पण त्याने युरो स्वीकारलेला नाही, तिथे कोरुना चालतो. प्रवासात मी मामांना हे सांगितले होते. मात्र सांगताना मी कधी ‘कोरुना’ म्हणाले, कधी ‘क्राउन’, आणि इथल्या सवयीने एकदोनदा जर्मन ‘क्रोनं’ही म्हणून गेले. एकाच चलनाची तीन नावे त्यांच्या कानावर पडली आणि त्या चलनाची एकही नोट त्यांच्या डोळ्यांसमोर आली नाही. दुसरी चूक त्याहून मोठी होती. जुन्या शहराच्या चौकाकडे जाताना पैसे बदलून देणाऱ्या दुकानांकडे बोट दाखवून मी म्हणाले, “मामा, इथं बदलायचे नाहीत, ही लोकं दर फार वाईट देतात.” हे खरेच होते. त्या दिवसांत एका युरोला सुमारे २५ कोरुना मिळायला हवे असताना तिथल्या एका फलकावर वीसच्याही खालचा दर होता आणि वर ‘कमिशन ०%’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. दुकानात का बदलायचे नाहीत ते मी सांगितले, पण बाहेर कोणी चांगला दर देऊ केला तर काय करायचे, हे सांगितले नाही.

जुन्या नगरभवनाच्या भिंतीवरचे १४१० सालचे खगोलीय घड्याळ पाहायला तासातासाला तोबा गर्दी जमते. ठोके पडताना वरच्या खिडक्यांतून प्रेषितांच्या मूर्ती फिरतात. ते पाहून झाल्यावर मनोऱ्याची तिकिटे काढायला मी आत गेले आणि मामांना सावलीत, शेजारच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायला सांगितले. मला रांगेत पंधरा मिनिटे लागली असतील.

तेवढ्या वेळात नीटनेटक्या कपड्यांतला, पाठीवर पिशवी असलेला एक माणूस मामांजवळ आला. आपणही प्रवासी आहोत, आज रात्री परत निघणार आहोत, इथले पैसे उरले आहेत आणि दुकानदार फार कापून घेतो, असे त्याने साध्या इंग्रजीत सांगितले. युरोला २५ असा दर त्याने स्वतःहून सांगितला आणि मोबाइलवर तोच दर उघडून दाखवला. मी अर्ध्या तासापूर्वी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीशी त्याचे बोलणे जुळत होते. मामांची इच्छा एवढीच होती की भाचीच्या शिष्यवृत्तीला हात न लावता दिवसभराचा खर्च आपण करावा आणि मामीसाठी बोहेमियन गार्नेटचे, म्हणजे तिथल्या प्रसिद्ध लाल खड्यांचे, कानातले घ्यावेत. सांगलीहून निघताना अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या युरोपैकी २०० त्यांनी काढून दिले.

त्याने दोन हजारांच्या दोन नोटा आणि एक हजाराची एक, अशा पाच हजारांच्या नोटा दिल्या. मामांनी प्रत्येक नोट चाचपली, उजेडात धरली, जलचिन्ह पाहिले, सुरक्षा धागा पाहिला. सगळे जिथल्या तिथे होते, कारण नोटा अस्सलच होत्या. फक्त त्या हंगेरीच्या होत्या. त्यांच्यावर ‘फोरिंट’ असे स्पष्ट छापलेले होते आणि मामांनी ते वाचलेही होते. तीन नावे ऐकलेल्या माणसाला चौथे नाव वाचून संशय आला नाही, याचा दोष मी त्यांना देऊ शकत नाही. एका युरोला तेव्हा जवळपास ४०० फोरिंट मिळत होते. म्हणजे २०० युरोंच्या बदल्यात त्यांच्या हाती साडेबारा युरोंचा ऐवज आला होता.

हे आम्हाला कळले ते तासाभराने, कॉफी पिऊन मामांनी मोठ्या हौसेने हजाराची नोट पुढे केली तेव्हा. काउंटरवरच्या मुलीने ती हातातही घेतली नाही. “हंगेरी,” एवढेच ती म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिले. तिच्यासमोर असे काही पहिल्यांदाच आले नसावे, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी नोट परत घेतली, पुन्हा उजेडाकडे धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. तो क्षण मला २०० युरोंपेक्षा जास्त लागला.

आम्ही पुन्हा गल्लीच्या तोंडाशी गेलो, तिथे अर्थातच कोणी नव्हते. पोलिसांकडे तक्रार नोंदवली. त्यांनी वर्णन लिहून घेतले आणि माणूस सापडणे अवघड आहे, हेही सांगितले. तरी तक्रार करावी असे माझे मत आहे, कारण रस्त्यावर असे पैसे बदलून देण्याचा धंदा तिथे बेकायदेशीर आहे. त्यासाठी चेक राष्ट्रीय बँकेचा परवाना लागतो. पोलिसांचा क्रमांक १५८ आहे आणि ११२ सगळीकडे चालतो. हीच युक्ती फोरिंटऐवजी बेलारूसच्या जुन्या रुबलांनीही केली जाते. २०१६ मध्ये बेलारूसने आपल्या चलनातली चार शून्ये काढून टाकली. त्याआधीच्या नोटा २०२१ अखेरपर्यंतच बदलून मिळत होत्या, आता त्यांना काहीच किंमत उरलेली नाही. आमच्या फोरिंटचे निदान साडेबारा युरो तरी झाले, ते वर्गातल्या एका हंगेरियन मैत्रिणीने सुट्टीत घरी जाताना नोटा घेतल्या म्हणून.

घरी परतल्यावर वाचताना एक गोष्ट कळली, ती आधी माहीत असती तर मी मामांना दुकानांची एवढी भीती घातली नसती. १ एप्रिल २०१९ पासून चेक कायद्याने असा हक्क दिला आहे की परवानाधारक दुकानात १,००० युरोपर्यंतची रक्कम बदलली असेल, तर पावती घेऊन तीन तासांच्या आत परत जाऊन, काहीही कारण न देता तो व्यवहार रद्द करता येतो आणि आपले पैसे परत मिळतात. वाईट दराच्या दुकानात फसलेल्या माणसाला ही वाट आहे. रस्त्यावरच्या माणसाकडे ना पावती असते, ना परत जाण्याजोगा पत्ता. मुळात एका दिवसाच्या फेरीसाठी रोख रक्कम फारशी लागतच नाही. प्रागच्या ट्रॅममध्येसुद्धा कार्ड टेकवून तिकीट निघते. रोख हवीच असेल तर बँकेच्या शाखेला लागून असलेल्या एटीएममधून काढावी, आणि यंत्राने ‘तुमच्या चलनात रूपांतर करू का?’ असे विचारले तर नकार द्यावा, कारण तो दर यंत्राच्या मालकाने ठरवलेला असतो आणि तो आपल्या फायद्याचा नसतो.

नोट ओळखायची असेल तर तिच्यावर ‘चेस्का नारोद्नी बांका’ हे बँकेचे नाव आणि रकमेपुढे ‘कोरुन चेस्कीख’ हे शब्द असतात. हजाराच्या नोटेवर इतिहासकार पालात्स्की आहेत, दोन हजारांच्या नोटेवर गायिका एमा डेस्टिनोव्हा. पाचशेच्या नोटेवर लेखिका बोझेना न्येम्त्सोव्हा आहेत. अशी एक पाचशेची नोट आता माझ्या टेबलाच्या खणात असते. दसऱ्यानंतर माझ्या मैत्रिणीचे आईवडील नाशिकहून आले, तेव्हा प्रागला निघायच्या आदल्या रात्री ती त्यांच्या हातात दिली. काकांनी ती उलटसुलट करून पाहिली, काकूंनी मोबाइलवर तिचा फोटो काढला, आणि मग मी त्यांना मामांची गोष्ट सांगितली, रकमेसकट.