सिंधुदुर्गचा 'प्रक्रिया उद्योग अभ्यास दौरा': काजू-कोकमाचे पैसे वसूल, बाकीचे पाण्यात

आमचा शेतकरी गट लातूरकडच्या निलंगा तालुक्यातला. माल म्हणजे तूर आणि चिंच. बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच, दोन्हींना २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून जो येतो तो 'प्रक्रिया करा, ब्रँड करा' सांगून जातो. म्हटलं, करणारे कसे करतात ते तरी बघू. मे महिन्यात एका खासगी संस्थेमार्फत सिंधुदुर्गला गेलो. माणशी ४,५०० रुपये, गाडी, मुक्काम, जेवण सगळं धरून. गटाचा हिशेब माझ्याकडे असतो, तेव्हा लिहिणंही त्याच अंगानं होणार.

वेंगुर्ल्याजवळचं काजू युनिट हा दौऱ्याचा जीव. मालकानं सत्कार, नारळ, भाषण यात वेळ घालवला नाही. थेट चालू कामात नेऊन उभं केलं. बी वाफवायची, गार होऊ द्यायची, मग हाताच्या आणि पायाच्या कटरवर एकेक फोडायची. गर ड्रायरला लावायचा, तांबडी साल काढायची, शेवटी प्रतवारी. पाकिटावरचा डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० हा आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात ते. आकडा जितका लहान, तितका काजू मोठा आणि महाग. अख्खा गर, पाकळी, तुकडा, प्रत्येकाचा डबा वेगळा, दर वेगळा. कटरचा दाब जरा चुकला की अख्ख्याची पाकळी होते आणि तिथल्या तिथे दर उतरतो. म्हणून कटरवर बसणाऱ्या बायांची तिथं फार किंमत. त्यातल्या एकीनं आमच्या लोकांना लांबूनच बजावलं, "हात नका लावू, तेल लागला की कातडी सोलता." आमच्यातल्या एक काकू लगेच म्हणाल्या, "म्हणजे आमच्या बिब्ब्यावाणीच की!" बरोबरच आहे, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. टरफलही वाया जात नाही, त्याचं तेल निघतं आणि चोथा बॉयलरला जळण म्हणून जातो.

आमच्या मंडळींनी सवयीप्रमाणे पहिला प्रश्न टाकला, "मशीन कितीला पडली?" मालक म्हणाले, मशीनचं काय घेऊन बसलात, ती कर्जावर मिळते. खरा पैसा बीत अडकतो. चार किलो बीमागे जेमतेम एक किलो गर, आणि वर्षभराची बी घ्यायची ती फेब्रुवारी ते मे एवढ्यातच. तेव्हा हातात रोकड नसेल तर युनिट पावसाळ्यानंतर बंद. स्थानिक बी पुरत नाही म्हणून मोठे कारखानदार आफ्रिकेतून मागवतात, लहान युनिटला तेही परवडत नाही. या एका उत्तरासाठी माझ्या लेखी अर्धे पैसे वसूल झाले. चिंचेचं गणित हेच. हंगामात घ्या, फोडा, आणि काळी पडू नये म्हणून शीतगृहात ठेवा. आम्ही मात्र दोन वर्षं चिंच फोडायच्या यंत्राची कोटेशनं गोळा करत बसलोय. खेळत्या भांडवलाचा कागद एकदाही केला नाही.

दुसरा चांगला थांबा कुडाळकडच्या एका महिला बचत गटाचा. अंगणात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडणं चालू होतं. साली मिठाच्या रसात बुडवायच्या, उन्हात टाकायच्या, पुन्हा बुडवायच्या, असं काही दिवस केलं की आमसूल. साखर न घालता नुसता रस आणि मीठ म्हणजे आगळ. बियांचं कोकमतेल निघतं, ते भेगांना लावतात. पाऊस लवकर आला तर वाळवणाचा सगळा मांडलेला खेळ विस्कटतो, हे त्यांनी हसत सांगितलं. पण ताडपत्री मात्र घडी घालून हाताशीच ठेवलेली होती. जेवणही तिथलंच सगळ्यात चांगलं, काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या. आमच्यात माळकरी बरेच. बाकी ठिकाणी 'व्हेज' म्हणजे बटाट्याची भाजी आणि वर सोलकढी. माळकऱ्यांचं संस्थेला आगाऊ सांगितलं होतं, तरी ही गत.

आता कुरकुर. देवगडला 'हापूस पॅकिंग केंद्र' म्हणून नेलं, तिथं पॅकिंग बंद आणि विक्रीचा गाळा चालू. आंबे गोड होते, नाही म्हणत नाही, पण आम्ही काही आंबे आणायला गेलो नव्हतो. सावंतवाडीला चितारआळीत लाकडी खेळणी. पोरांसाठी घेतली सगळ्यांनी, पण त्या अर्ध्या दिवसाला अभ्यास म्हणायचं तर माझी वही कोरी आहे. सोबतचा गाईड किनाऱ्यांची नावं पाठ म्हणायचा. जीएसटी, परवाना, अनुदान विचारलं की 'पुढच्या ठिकाणी विचारा'. सगळ्यात जास्त लागलं ते हे, की ज्या केंद्रानं वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ अशा काजूच्या जाती काढल्या, त्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रावरून गाडी सरळ पुढे गेली. वेळ नाही म्हणे. खेळण्यांना होता.

पाचपैकी तीन गुण, आणि ते तिन्ही काजूवाल्याचे आणि कोकमवाल्या बायांचे. जायचं असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यातच जा, तेव्हा काजू आणि कोकम दोन्ही चालू सापडतात. आगाऊ रक्कम देण्याआधी प्रत्येक थांब्यावर काम चालू असेल का हे लेखी घ्या, खरेदीचे थांबे एकावर आणा, आणि संशोधन केंद्राची भेट यादीत घालायला लावा. गाडी तशीही तिथूनच जाते.