स्मार्ट लॉक की साधी किल्ली? पुण्यातल्या फ्लॅटच्या दारासाठी तुलना

दुकानाच्या काउंटरवर स्मार्ट लॉक एका छोट्या फळीवर बसवलेलं असतं. बोट टेकवलं की खट्कन उघडतं आणि बऱ्याच जणांचा निर्णय तिथेच होतो. ती फळी पावसाळ्यात फुगत नाही, तिच्यापुढे जाळीचं सेफ्टी डोअर नसतं आणि तिच्यावरच्या कुलपाला पाच वर्षांनी अपडेट कोण देणार हा प्रश्नही नसतो. म्हणून निर्णय स्वतःच्या दारासमोर उभं राहून घ्यावा.

‘जास्त सुरक्षित कोणतं’ या प्रश्नाने फार काही हाती लागत नाही. घरफोडीच्या बातम्यांत ‘कडी-कोयंडा उचकटून’ हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. तकलादू चौकट आणि आखूड स्क्रू असतील, तर वर कोणतंही कुलूप लावा, फरक पडत नाही. खरा प्रश्न असा: हे बिघडलं तर कसं बिघडेल, आणि त्या वेळी दाराबाहेर कोण उभं असेल?

किल्ली बिघडते, पण सांगून

सिलिंडरच्या कुलपात पाच-सहा पिना आणि त्यांच्या स्प्रिंगा असतात. किल्लीचे दाते प्रत्येक पिनेला नेमक्या उंचीवर उचलतात, तेव्हाच सिलिंडर फिरतो. वापराने दाते झिजतात. मग किल्ली आत घालून केसभर मागे ओढावी लागते, थोडी हलवावी लागते. ही कुरकुर बहुधा बराच काळ आधी सुरू होते आणि तोवर उपाय करायला सवड मिळते.

पहिला उपाय म्हणजे खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल न घालणं. तेलाला धूळ चिकटते आणि पिना आणखी अडकतात. ग्रॅफाइटची भुकटी फुंकावी. ती नसेल तर पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या दात्यांवर घासून किल्ली आठ-दहा वेळा आत-बाहेर करावी. दुसरी गोष्ट, डुप्लिकेट नेहमी मूळ किल्लीवरून करून घ्यावी. डुप्लिकेटची डुप्लिकेट केली की प्रत्येक वेळी थोडी चूक वाढत जाते. मूळ किल्ली रोज वापरू नये, कपाटात ठेवावी.

किल्लीचा मोठा दोष वेगळाच आहे: कोणाकडे किती किल्ल्या आहेत याचा हिशोब राहत नाही. अकरा महिन्यांच्या करारावर भाडेकरू बदलतात, कामाच्या मावशी बदलतात, इंटिरियरचं काम करणारे महिनाभर ये-जा करतात. यावरचा उपाय स्वस्त आहे, तरी फारसा कुणी वापरत नाही. मॉर्टिस कुलूप, म्हणजे दाराच्या जाडीत खाच पाडून आत बसवलेलं कुलूप, असेल तर अख्खं कुलूप बदलावं लागत नाही, नुसता सिलिंडर बदलता येतो. दार उघडं ठेवून त्याच्या कडेवरचा, सिलिंडरच्या पातळीतला लांब स्क्रू काढायचा. किल्ली घालून किंचित फिरवली की सिलिंडरची जीभ आत सरकते आणि तो सरळ बाहेर येतो. स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर मोजायचं. दोन्हीकडे ३० मिलिमीटर असेल तर ३०-३० मागायचा. रविवार पेठेत बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत हे माप सांगण्यापेक्षा जुना सिलिंडरच दाखवलेला बरा.

वाऱ्याने आपटून बंद होणाऱ्या नाइट लॅचने बाहेर अडकवण्याचा त्रास मात्र किल्लीच्या घरांतच जास्त. आत गॅसवर दूध, दोन वर्षांचं मूल आणि किल्ली खुंटीवर, अशा वेळी अग्निशमन दलाच्या १०१ला फोन करण्याशिवाय मार्ग उरत नाही. तान्हं मूल किंवा विसराळू वृद्ध असलेल्या घरात स्मार्ट लॉकचा हा एक फायदा बाकीच्या पुष्कळ तोट्यांना पुरून उरतो.

स्मार्ट लॉकमध्ये नेमकं काय बिघडतं

दारात शिरणारा भाग बहुतेक मॉडेलमध्ये साधं मॉर्टिस कुलूपच असतो. बोट किंवा आकडे पटले की छोटी मोटर बाहेरचं हँडल आतल्या दांडीशी जोडते. काही मॉडेलमध्ये मोटर थेट बोल्टच, म्हणजे चौकटीत शिरणारा दांडाच, फिरवते. आतलं हँडल मात्र सेल, मोटर, सॉफ्टवेअर यांपैकी कशावरही अवलंबून नसावं. एका हालचालीत दार उघडलंच पाहिजे. आग लागली तर धुरात बटण शोधायला वेळ नसतो. ही एक अट पुरी होत नसेल तर पुढचं काही बघू नका.

तक्रारी सर्वांत जास्त सेलच्या. बहुतेक कुलपांत चार डबल ए सेल लागतात, काहींत आठ. दीड व्होल्टचे चार अल्कलाइन सेल मिळून सहा व्होल्ट देतात. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे असल्याने ४.८च मिळतात आणि कुलूप पहिल्या दिवसापासून ‘बॅटरी कमी’ म्हणत राहतं. लिथियम सेलचा व्होल्टेज अखेरपर्यंत टिकतो आणि मग एकदम कोसळतो, म्हणून इशारा येईपर्यंत उशीर झालेला असतो. कंपनीने खास परवानगी दिली नसेल तर अल्कलाइनच वापरा, चारही एकाच वेळी बदला, जुने-नवे मिसळू नका. सेल दमला की एक फसवं लक्षण दिसतं: आकडे उजळतात, बोट ओळखलं जातं, पण मोटर सुरू होताच सगळं विझतं. कारण दिव्याला लागते त्याच्या कितीतरी पट वीज मोटरला एका झटक्यात हवी असते. अशा वेळी बाहेरच्या बाजूच्या दोन टोकांना ९ व्होल्टचा चौकोनी सेल धरून किंवा यूएसबी-सीने पॉवर बँक जोडून दार उघडता येतं. विकत घेण्यापूर्वी ही सोय कुठे आहे ते दुकानदाराला दाखवायला लावा.

दुसरा शत्रू जुलै-ऑगस्टची ओल. लाकडी दार फुगतं आणि बोल्ट चौकटीतल्या पट्टीला घासू लागतो. किल्ली असली तर माणूस खांद्याने दार रेटतो आणि किल्ली फिरवतो. मोटरवर फिरणाऱ्या बोल्टला ते कळत नाही. मोटर अडते, पुन्हा प्रयत्न करते, सेल खाते आणि सोडून देते. दोष कुलपाचा नसतो. पट्टीची खाच कानशीने एक-दोन मिलिमीटर मोठी करा, बिजागरीचे स्क्रू आवळा, मगच सर्व्हिसवाल्याला बोलवा.

आता सेफ्टी डोअर. पुण्यातल्या सोसायट्यांत दोन दारं सर्रास असतात, आणि ऑनलाइन खरेदी फसते ती इथे. दोन दारांच्या मधलं अंतर मोजा. स्मार्ट लॉकचं बाहेरचं हँडल आणि सेफ्टी डोअरचं आतलं हँडल समोरासमोर आली तर एक दार बंदच होत नाही. दाराची जाडीही मोजा. अनेक मॉडेलना ३५ मिलिमीटरच्या वर जाडी लागते आणि जुन्या इमारतींत तीस-बत्तीसची दारं सापडतात. अमेरिकेतली ‘जुन्या कुलपावरच बसवा’ छापाची उपकरणं तिथल्या गोल भोकाच्या डेडबोल्टसाठी असतात, ती आपल्याकडे बसत नाहीत.

बोटांचं थोडक्यात: भांडी घासणाऱ्या, वयस्कर आणि मेंदी लावलेल्या हातांचे ठसे चुकतात. प्रत्येकाची दोन्ही हातांची बोटं नोंदवा, शिवाय आकड्यांचा कोड द्या. चार आकड्यांत १० हजार शक्यता असतात, सहांत १० लाख, सहाच घ्या.

सॉफ्टवेअरवर किती भिस्त ठेवायची

किल्लीचं कुलूप झिजतं ते एकट्याचं. सॉफ्टवेअरची चूक त्या मॉडेलच्या प्रत्येक दारात एकाच वेळी असते. ऑगस्ट २०१७मध्ये अमेरिकेतल्या लॉकस्टेट कंपनीने एका मॉडेलचं अपडेट चुकून दुसऱ्या मॉडेलला पाठवलं आणि सुमारे ५०० कुलपं निकामी झाली. त्यांचा सर्व्हरशी संबंधच तुटल्याने दुरुस्तीही दुरून करता येईना. ग्राहकांना कुलपाचा मागचा भाग काढून कंपनीकडे पाठवावा लागला किंवा बदली कुलूप मागवावं लागलं. हॉटेलांतल्या सॅफलॉक कुलपांमधली त्रुटी संशोधकांनी २०२२मध्ये कंपनीला कळवली होती. बनावट कार्डांच्या जोडीने दार उघडत होतं, आणि अशी दारं ३० लाखांहून अधिक. मार्च २०२४मध्ये ती जाहीर झाली तोवर त्यांतली साधारण ३६ टक्केच सुधारली किंवा बदलली गेली होती, कारण त्यासाठी माणसाला दारोदार जावं लागतं. कंपनी सर्व्हरच बंद करते तेव्हाचं उदाहरण रिव्हॉल्व्हचं, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणाऱ्या पेटीचं: मे २०१६मध्ये सर्व्हर थांबला आणि लोकांनी पैसे मोजून घेतलेली पेटी निरुपयोगी झाली.

म्हणून एकच कसोटी सर्वांत महत्त्वाची. राउटर बंद करा, फोनचं इंटरनेट बंद करा आणि बघा: बोट, कोड, कार्ड चालतात का? नवा कोड दाराजवळ उभं राहून टाकता येतो का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर कंपनी बुडाली तरी तुमचं दार तुमचंच राहील. कुलूप सेलवर चालत असल्याने गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तरी ते अडत नाही. राउटर बंद पडतो आणि दुरून उघडण्याची सोय तेवढी जाते. ठरावीक वेळेपुरते कोड मात्र कुलपातल्या घड्याळावर चालतात. सेल पूर्ण उतरून घड्याळ चुकलं की मावशींचा सकाळी आठचा कोड नाकारला जातो. फोन कुलपाजवळ नेऊन ॲपमधून वेळ जुळवावी लागते.

बसवायला आलेला माणूस घाईत स्वतःच्या फोनवर मुख्य खातं उघडतो. तसं होऊ देऊ नका. झालंच असेल तर कुलूप फॅक्टरी रीसेट करून स्वतःच्या नंबरवर पुन्हा नोंदवा. अपडेट करायचं ते दिवसा, सेल नवे असताना, दार उघडं ठेवून आणि घरात दुसरं माणूस असताना.

कोणी काय घ्यावं

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी दाराला नवी खाच पाडू नये. मालकाच्या संमतीने सिलिंडर बदलावा, तेवढं पुरे. खराडी-हिंजवडीकडे फ्लॅट भाड्याने देणाऱ्या मालकांना स्मार्ट लॉक खरंच उपयोगी आहे: भाडेकरू गेला की कोड पुसला, संपलं. कोथरूडमध्ये एकटे राहणारे आई-वडील आणि परदेशातली मुलं असं घर असेल तर स्मार्ट लॉक घ्यावं, मात्र शेजाऱ्यांनाही एक कोड देऊन ठेवावा. दुरून दार उघडण्यावर सगळी भिस्त नको. महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या घराला चांगलं किल्लीचं कुलूपच बरं, कारण दमलेले सेल आत गळून सर्किट खातात.

दोन्ही दारं असतील तर मुख्य दाराला स्मार्ट लॉक आणि सेफ्टी डोअरला किल्ली ही जोडी चांगली. दिवसा घरात माणूस असताना सेफ्टी डोअरचं लॅच पुरतं, गावाला जाताना दोन्ही लावायची. स्मार्ट लॉकसोबत येणारी धातूची किल्ली बहुधा त्याच घरातल्या कपाटात असते, म्हणजे लागेल तेव्हा दाराच्या पलीकडे. ती नातेवाइकांकडे किंवा ऑफिसच्या खणात ठेवा, आणि दर सहा महिन्यांनी एकदा तिने दार उघडून बघा. न वापरलेला सिलिंडरही धुळीने अडकतो.