लॉयल्टी कार्डाचे दहा महिने: फुकट लाँड्री आणि माझ्या सोळा रात्रींचा हिशेब

क्रूझ कंपनीच्या लॉयल्टी योजनेत वरच्या श्रेणीत जाऊन मला दहा महिने झाले. तेवढ्यात तीन सफरी झाल्या. या योजनेत जहाजावर काढलेल्या रात्री मोजतात, आणि त्या वाढतील तशी श्रेणी आणि सवलती वाढतात. थेट मुद्द्यावर येते. या सगळ्या सवलतींत खरोखर पैसे वाचवणारी सवलत एकच आहे: फुकट लाँड्री. आणि तीच मला उशिरा मिळाली, कारण कंपनीच्या दप्तरी माझ्या नावाची दोन खाती होती आणि माझ्या सोळा रात्री दुसऱ्याच खात्यात पडून होत्या.

मी आणि ताई नेहमी एकत्र जातो. केबिन एक, भाडं निम्मं-निम्मं, एकूण एक सफर बरोबर केलेली. तरी आठव्या सफरीला जहाजावर चढलो तेव्हा ताईच्या हातात वरच्या श्रेणीचं, वेगळ्या रंगाचं की-कार्ड (केबिनची किल्ली) पडलं आणि माझ्या हातात तेच जुनं. ताई म्हणाली, "अगं, तुझं छापताना चुकलं असेल." चुकलं नव्हतं. केबिनमध्ये टेबलावर एकच पत्र होतं, तिच्या नावाचं. त्यात लिहिलं होतं की लाँड्री, कपड्यांची इस्त्री आणि नेहमीच्या प्रवाशांच्या समारंभाचं आमंत्रण आता आपल्याला आहे. कपाटात लाँड्रीची पिशवी होती, आणि नियमाप्रमाणे त्या पिशवीत फक्त तिचे कपडे घालायचे होते. माझ्या कपड्यांना दरपत्रक लागू. त्या रात्री मी बेसिनमध्ये दोन टॉप धुऊन बाथरूममधल्या ओढदोरीवर वाळत घातले. सकाळी ते ओलेच होते. जहाजावरच्या बाथरूममध्ये हवा अशी नसतेच.

दुसऱ्या दिवशी लॉयल्टी डेस्कवर गेले. बाई अतिशय सौजन्याने बोलल्या, पण त्यांच्या स्क्रीनवर दिसतं तेवढंच त्या सांगू शकत होत्या. रेकॉर्ड दुरुस्त करण्याचा अधिकार जहाजावर नाही, तो किनाऱ्यावरच्या ऑफिसला. घरी येऊन शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. मधल्या तीन सफरी आम्ही दुसऱ्या एजंटकडून घेतल्या होत्या. त्याने ताईचा सदस्य क्रमांक घातला, माझा घातला नाही, शिवाय पासपोर्टवरचं माझं मधलं नाव गाळलं. सिस्टमला वाटलं ही नवीनच कोणी बाई आहे, आणि सिस्टमने मला नवा क्रमांक देऊन टाकला. सात रात्री, सात रात्री आणि दोन रात्री, अशा सोळा रात्री त्या क्रमांकावर जमा.

दोन क्रमांक एकत्र करायला किती वेळ लागावा? मला चार महिने लागले, मध्ये एक सफर तशीच गेली. नऊ मेल लिहिले. प्रत्येक मेलला नव्या माणसाचं उत्तर, आणि प्रत्येक जण पहिल्यापासून सगळं विचारणार: बुकिंग क्रमांक काय, जहाज कोणतं, तारीख कोणती. पाचव्या मेलनंतर मी एकाच पानावर सगळा तक्ता करून ठेवला आणि तोच जोडत गेले. सफरीच्या शेवटच्या रात्री दाराला जे अंतिम बिल लावून ठेवतात ना, तेच कामाला आलं. दोन्ही मोठ्या सफरींची बिलं मी जपून ठेवली होती, त्यावर नाव, केबिन आणि तारखा असतात. त्या चौदा रात्री जमा झाल्या आणि मी वर चढले. दोन रात्रींच्या छोट्या सफरीचं बिल माझ्याकडे नाही. त्यामुळे त्या दोन रात्री अजून लटकलेल्याच आहेत. त्याबद्दल शेवटी सांगते.

इथे एक सांगून ठेवते, फार कळकळीने. प्रत्येक बुकिंगवर तुमचा सदस्य क्रमांक स्वतः तपासा, एजंट कितीही ओळखीचा असो. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं. आणि सफर संपल्यावर दोन आठवड्यांनी खात्यात रात्री जमा झाल्या का ते बघा. बिल फेकू नका. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या क्राउन अँड अँकर सोसायटी या लॉयल्टी योजनेत एकाच पत्त्यावर राहणाऱ्या पती-पत्नींना वरची श्रेणी वाटून घेता येते, म्हणजे एकाचं चुकलं तरी दुसऱ्याच्या आधारावर निभावतं. बहिणींना तशी सोय नाही, आणि आमच्या कंपनीत तर प्रत्येकाचं ज्याचं त्याचं.

आता लाँड्री. वर चढल्यावरच्या पहिल्याच सफरीत मी पिशवी भरून दिली. पिशवीबरोबर एक यादी असते, त्यावर नग लिहून सही करायची आणि सकाळी पिशवी पलंगावर ठेवून जायचं. केबिन स्टुअर्ड घेऊन जातो. कपडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. शर्ट घडी घालून, आत पुठ्ठा सरकवून, वर कागदाची पट्टी. प्रत्येक कपड्याच्या लेबलला बोटाच्या पेराएवढी कागदी चिठ्ठी टाचलेली, तिच्यावर केबिनचा नंबर. मोजेसुद्धा जोडीजोडीने गुंडाळलेले, आणि त्या जोडीलाही चिठ्ठी. मी ते मोजे किती तरी वेळ हातात घेऊन बसले होते. इतक्या माणसांच्या कपड्यांत माझा एक मोजा दुसऱ्या मोज्याला बरोबर सापडतो, याचं मला खरंच अप्रूप वाटलं.

हिशेबाने बघा. चौदा रात्रींच्या सफरीला पूर्वी आम्ही दोन मोठ्या बॅगा नेत होतो. आता दोघींत मिळून एक मोठी बॅग, पाच दिवसांचे कपडे, आणि तीनदा लाँड्री. विमानात दुसऱ्या बॅगेचे पैसे वाचले, बंदरावर ओझं नाही, आणि घरी परतल्यावर धुण्याचा ढीग नाही. दरपत्रकाप्रमाणे आमच्या तीन पिशव्यांचं बिल मी काढून बघितलं, तर दोघींच्या, जादा पैसे घेणाऱ्या स्पेशल रेस्टॉरंटच्या चार जेवणांएवढं झालं. दुसऱ्या कुठल्याही सवलतीने एवढं वाचवलं नाही.

म्हणून कंपनी निवडताना मी आता पहिला प्रश्न हाच विचारते: लाँड्री कुठल्या पायरीला फुकट? प्रिन्सेस कंपनीत ती एलिट श्रेणीला, म्हणजे 150 दिवसांच्या किंवा 15 सफरींच्या पुढे. हॉलंड अमेरिका कंपनीत चार ताऱ्यांच्या श्रेणीला, म्हणजे 200 दिवसांना. कार्निव्हल कंपनीच्या रात्रींवर चालणाऱ्या जुन्या योजनेत 75 पॉइंटांच्या प्लॅटिनमला मोजक्या पिशव्या आणि 200 च्या डायमंडला हव्या तेवढ्या. जो माणूस वर्षाला एकच आठवडा जातो त्याला एलिट गाठायलाही पंधरा वर्षं तरी लागतील. त्याने लाँड्रीच्या आशेवर एकाच कंपनीला चिकटून राहू नये, जिथे भाडं कमी तिथे जावं.

दोषही सांगते. आमच्याकडे सफरीच्या शेवटच्या दोन दिवसांत पिशवी घेत नाहीत. पहिल्यांदा मला याचा इतका संताप आला की मी गेस्ट सर्व्हिसेसला लेखी तक्रार दिली. सवलत फुकट आहे म्हणून कमी द्यायची, असं मला वाटलं. त्याबद्दल माझं मत पुढे बदललं. दुसरा दोष म्हणजे ड्रायर फार कडक असतो. ताईचा लोकरी कार्डिगन एका धुण्यात आखडला, आणि नुकसानभरपाई मिळाली नाही, कारण यादीच्या तळाशी बारीक अक्षरांत नाजूक कपड्यांची जबाबदारी आमची असल्याचं लिहिलेलं असतं. लोकर आणि रेशीम पिशवीत घालू नका.

बाकीच्या सवलती भराभर उरकते. आधी चढू देणं: वरच्या श्रेणीत आता इतकी माणसं आहेत की त्या रांगेत उभं राहणं आणि साध्या रांगेत उभं राहणं यात मला फरक जाणवला नाही. जिथे जहाज धक्क्याला न लागता नांगर टाकतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर जावं लागतं, तिथे मात्र प्राधान्य फार कामाचं. आम्ही एक तास तरी वाचवला. लाउंजमध्ये संध्याकाळी बसायला जागा मिळत नाही. पेयांचं म्हणाल तर रॉयल कॅरिबियनमध्ये 80 पॉइंटांच्या डायमंड श्रेणीला दिवसाला चार पेयं कार्डावर फुकट मिळतात, 175 च्या डायमंड प्लसला पाच, 700 च्या पिनॅकलला सहा. घेणाऱ्याला तो मोठाच फायदा. आम्ही दोघी घेत नाही. इंटरनेटची सूट बरी. चॉकलेटं नसती तरी चाललं असतं.

आता समारंभ. श्रेणी मिळाल्यावरच्या पहिल्या सफरीनंतर मी टिपणं काढली होती, त्यात समारंभाला पाचपैकी शून्य दिले होते. थिएटरमध्ये बोलावतात, एक पेला हातात देतात, कॅप्टन भाषण करतो, टाळ्या. मला वाटलं, हे सगळं आपल्याला पुढची सफर जहाजावरच बुक करायला लावण्यासाठी आहे. बाहेर पडताना दाराशीच बुकिंगचं टेबल होतं, तेव्हा माझा संशय काही खोटा नव्हता.

दुसऱ्या सफरीला ताईच्या आग्रहाने गेले. या वेळी कॅप्टनने विभागप्रमुखांना मंचावर बोलावलं. हॉटेल डायरेक्टर, शेफ, चीफ इंजिनिअर, आणि शेवटी लाँड्री मास्टर. हे पद असतं हेच मला माहीत नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर सगळे प्रमुख खाली येऊन प्रवाशांत मिसळले. शेफभोवती गर्दी, कॅप्टनबरोबर फोटोसाठी रांग, आणि लाँड्री मास्टर एका बाजूला उभे. मी सरळ त्यांच्याकडे गेले आणि मोज्यांचं विचारलं.

त्यांनी सांगितलं की प्रत्येक केबिनचे बारीक कपडे वेगळ्या जाळीच्या पिशवीत घालून मशीनमध्ये टाकतात, म्हणून जोड फुटत नाही. मग मी शेवटच्या दोन दिवसांचं विचारलं, माझ्या तक्रारीचा उल्लेख न करता. ते म्हणाले, सफर संपते त्या दिवशी सकाळी जुने प्रवासी उतरतात आणि दुपारी नवे चढतात. त्या मधल्या काही तासांत जहाजावरच्या प्रत्येक पलंगाची चादर, उशीचे अभ्रे, प्रत्येक बाथरूममधले टॉवेल, सगळं बदलायचं असतं. त्यासाठी आदल्या दिवसांपासून साठा तयार ठेवावा लागतो आणि उतरवलेल्या चादरी रात्रभर मशीनमध्ये फिरत असतात. त्यांची माणसं पाण्याच्या पातळीच्या आसपासच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या जागेत, त्या उष्णतेत पाळ्यांनी काम करतात. त्यात प्रवाशांची एखादी पिशवी मागे राहिली तर ती जहाजावरच राहणार आणि प्रवासी विमानात.

मी त्याच संध्याकाळी गेस्ट सर्व्हिसेसला जाऊन माझी तक्रार मागे घेतली आणि लाँड्रीच्या माणसांच्या नावाने कौतुकाचं कार्ड भरलं. समारंभाचे शून्य गुण खोडून चार केले. एक अजूनही कापून ठेवला आहे, दाराशी असलेल्या बुकिंगच्या टेबलासाठी.

त्याच कार्यक्रमात सर्वांत जास्त रात्री झालेल्या प्रवाशांची नावं पुकारली. प्रिन्सेसमध्ये जहाजावरच्या सर्वाधिक प्रवास केलेल्या 40 जणांना वेगळं जेवण असतं, हॉलंड अमेरिकेत 100, 300, 500 आणि 700 दिवसांना पदकं देतात. मला हॉलंड अमेरिकेची एक गोष्ट मनापासून पटते: ताऱ्यांच्या हिशेबात स्वीट (मोठी, महागडी केबिन) घेतल्याचे, जहाजावर खर्च केल्याचे जादा दिवस धरतात, पण पदकासाठी प्रत्यक्ष समुद्रावर काढलेले दिवसच मोजतात. दिवस ते दिवस. तिथे पाकीट जाड असून उपयोग नाही.

उलट वारं आता पैशांकडे वाहतंय. कार्निव्हलने 2025 च्या जूनमध्ये नवी योजना जाहीर केली, 2026 पासूनची, आणि तिच्यात श्रेणी रात्रींवरून नाही तर खर्चावरून ठरते, तीही ठरावीक मुदतीपुरती. कंपनीची बाजू मला कळते. वरच्या श्रेणीत इतकी गर्दी झाली की लाउंज पुरत नाही. पण आमच्यासारख्या, खिडकी नसलेली आतली केबिन घेणाऱ्या, बंदरात पायी फिरणाऱ्या, स्पेशल रेस्टॉरंटला न जाणाऱ्या दोघी बहिणींचं या हिशेबात काय होणार? आम्ही वर्षानुवर्षं त्याच जहाजांवर गेलो, त्यांच्याच केबिनमध्ये झोपलो. रात्र मोजली जाते म्हणून आम्ही टिकून होतो. आमच्या कंपनीने तो मार्ग धरला तर मी थांबणार नाही, हे मी त्यांना फीडबॅक फॉर्ममध्ये लिहून दिलं आहे.

एकूण, आत्तापुरती ही श्रेणी मी ठेवण्यासारखी म्हणेन. तिसऱ्या सफरीत आमच्या केबिनमध्ये दोन पिशव्या होत्या, दोन याद्या, दोन सह्या. ताई म्हणाली, "आता तरी शांत झालीस ना?" झाले. पण पूर्ण नाही.

त्या दोन रात्रींचं उत्तर मागच्या महिन्यात आलं की पुरावा अपुरा आहे. ताईच्या खात्यात त्याच सफरीच्या, त्याच केबिनच्या दोन रात्री जमा आहेत. त्या केबिनमध्ये दुसरी व्यक्ती कोण होती हे त्यांच्याच प्रवासी यादीत असणार, हे मी लिहिलं. परवा जुने फोटो चाळताना एक सापडला. आम्ही दोघी केबिनच्या दारात उभ्या आहोत, मागे नंबर स्पष्ट दिसतो, फोटोवर तारीख आहे आणि माझ्या गळ्यात की-कार्ड अडकवलेलं आहे. दहाव्या मेलला तो जोडून पाठवला.