सिनॅप्सला व्हॉट्सअ‍ॅपचा ब्रिज: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मॅट्रिक्स या खुल्या मेसेजिंग प्रोटोकॉलचा सिनॅप्स सर्व्हर मी स्वतः चालवतो आणि गेले काही महिने त्याला mautrix-whatsapp हा ब्रिज, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप आणि मॅट्रिक्स यांच्यात मेसेजची ने-आण करणारा प्रोग्रॅम, जोडलेला आहे. रोजच्या वापरात तो भरवशाचा ठरला आहे; मात्र तो स्वतःच्याच सर्व्हरवर चालवावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

जोडणी फारशी अवघड नाही. ब्रिज एक रजिस्ट्रेशन फाइल तयार करतो. तिच्यात दोन टोकन असतात, एक ब्रिजने सर्व्हरला ओळख पटवण्यासाठी आणि दुसरे सर्व्हरने ब्रिजला. ही फाइल सिनॅप्सच्या कॉन्फिगमध्ये नोंदवून सर्व्हर रीस्टार्ट केला, की ब्रिजच्या बॉटला लॉगिनची कमांड द्यायची आणि आलेला क्यूआर कोड फोनवरून स्कॅन करायचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या दृष्टीने ब्रिज हे एक लिंक्ड डिव्हाइसच असते. त्यामुळे मुख्य फोन १४ दिवस वापरला गेला नाही, तर ब्रिजही लॉगआउट होतो.

डबल पपेटिंग, म्हणजे फोनवरच्या आपल्या कृती ब्रिजने आपल्याच मॅट्रिक्स खात्यातून दाखवण्याची सोय, मात्र सुरुवातीलाच चालू करावी. ते नसताना फोनवरून पाठवलेला माझाच मेसेज मॅट्रिक्सच्या रूममध्ये माझ्या फोन नंबराच्या वेगळ्याच खात्यातून आलेला दिसे, आणि फोनवर वाचून झालेले मेसेज इकडे न वाचलेलेच राहत. ते सुरू केल्यावर दोन्हीकडचे संभाषण खऱ्या अर्थाने एक झाले. मजकूर, फोटो, उत्तरे आणि रिअ‍ॅक्शन नीट पोहोचतात. कॉल मात्र फोनवरच घ्यावे लागतात.

आता गोपनीयतेविषयी. ब्रिजमध्ये एन्क्रिप्शन चालू करता येते आणि ते करावेच, कारण मग सिनॅप्सच्या डेटाबेसमध्ये मजकूर उघडा पडून राहत नाही. तरीही एका बाजूने आलेला मेसेज दुसऱ्या बाजूला देण्यासाठी ब्रिजला तो उलगडावाच लागतो, म्हणजे ज्याच्या हाती ब्रिज त्याला सारे वाचता येऊ शकते. दुसऱ्याने चालवलेल्या ब्रिजवर आपले खाते जोडताना, आपल्याशी बोलणाऱ्या प्रत्येकाचे शब्दही आपण त्या तिसऱ्या माणसाच्या स्वाधीन करत असतो, आणि त्यांना याची कल्पनाही नसते.

ब्रिजसारखे अनधिकृत क्लायंट व्हॉट्सअ‍ॅपच्या अटींत बसत नाहीत, त्यामुळे खाते बंद होण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. शिवाय तिकडचा प्रोटोकॉल बदलला, की जुनी आवृत्ती अडते. म्हणून ब्रिजचे अपडेट मी लांबणीवर टाकत नाही आणि प्रत्येक अपडेटपूर्वी त्याच्या डेटाबेसचा बॅकअप घेतो.