तेरा इंची टॅबवर लहानपणीचे एक्स-मेन : काही महिने वापरल्यानंतर

हा टॅब मी फक्त कॉमिक्ससाठी घेतला, त्यातही सुपरहिरोंच्या टीमवाल्या कॉमिक्ससाठी, आणि बरेच महिने जवळपास रोज रात्री वापरून झाल्यावर सांगतो, एक्स-मेन किंवा अ‍ॅव्हेंजर्स वाचायचे असतील तर स्क्रीन मोठाच घ्या, बाकीचे फीचर्स नंतर बघा.

एकट्या हिरोच्या कॉमिकमध्ये एका चौकटीत एक-दोन माणसं असतात, ते फोनवरही चालून जातं. टीमचं तसं नसतं. पुढे एक्स-मेनमधल्या सायक्लॉप्स आणि वुल्व्हरीनचं वाजलेलं असतं, मागे नाइटक्रॉलर भिंतीला चिकटलेला, कोपऱ्यात कोलॉसस गप्प उभा, आणि सगळ्यांचे बोलण्याचे फुगे एकमेकांना खेटून. त्यात लेखक क्रिस क्लेअरमाँट म्हणजे शब्दांना तोटा नाही! लहानपणी आम्ही भावंडं पालथी पडून एकच अंक एकत्र वाचायचो, प्रत्येकाने आपापला हिरो वाटून घेतलेला, ताईची स्टॉर्म, माझा नाइटक्रॉलर, आणि पान उलटलं की जो तो आधी आपला माणूस शोधणार, मग तो मागे एवढासा का दिसेना. म्हणून अ‍ॅपमधली एकेक चौकट मोठी करून दाखवायची सोय मी लगेच बंद करून टाकली. अख्खं पान एकदम समोर आलं पाहिजे, नाहीतर ती टीम वाटतच नाही.

आता साइझचं. जुन्या अंकाचं पान साधारण साडेसहा बाय सव्वादहा इंच, त्यामुळे तेरा इंची, ४:३ आकाराच्या टॅबवर ते उभं जवळजवळ मूळ मापात येतं, बाजूला थोड्या काळ्या पट्ट्या राहतात एवढंच. आडवा धरला की दोन पानांवर पसरलेलं चित्र स्क्रीनभर बसतं. लांबट टॅबवर एक पान छान बसतं पण हे दुपानी चित्र बारीक होतं, आणि टीम कॉमिक्समध्ये मोठी मारामारी हमखास तिथेच असते.

सगळ्यात जास्त सुख मिळालं ते सलग वाचण्याचं. आमच्याकडे अंक यायचे ते कुठलेही, मधले गायब. १९८०चा १३२ नंबरचा अंक होता, हेलफायर क्लब नावाच्या व्हिलन टोळीने सगळ्यांना पकडलंय आणि शेवटच्या चौकटीत गटाराच्या पाण्यातून वुल्व्हरीन दात-ओठ खात वर बघतोय, आता माझी पाळी म्हणून. १३३ आम्हाला कधीच मिळाला नाही, तो एकटा आत शिरून काय करतो ते आम्ही स्वतःच रचायचो आणि त्यावरून भांडायचो. इथे बोट लावलं की पुढचा अंक हजर. मी तो दोनदा वाचला, मग ताईला फोन केला.

तसाच थंडरबर्ड, एक्स-मेनच्या नव्या टीममधला. १९७५च्या जायंट-साइझ एक्स-मेनच्या कव्हरवर नवी टीम जुन्यांचं चित्र फाडून बाहेर येते, त्यात तो आहे, आणि आमच्या कुठल्याच अंकात नव्हता. नवी टीम नेहमीच्या मालिकेत ९४व्या अंकापासून येते आणि तो ९५व्यातच मरतो, टीमचे प्रमुख प्रोफेसर उतर म्हणून सांगत असताना उडत्या विमानावर घाव घालत राहतो. टीममध्ये येऊन पुरता रुळलाही नव्हता हो. वाईट वाटलं, अजून वाटतं.

रंगांबद्दल माझी तक्रार आहे. ते अंक रद्दीसारख्या कागदावर, ठिपक्यांच्या छपाईसाठी रंगवलेले, कागद शाई प्यायचा आणि सगळं जरा मऊ दिसायचं. स्क्रीनवर तेच पिवळे-लाल भडक मारतात. डोळ्यांसाठीचा पिवळसर मोड चालू करून ब्राइटनेस निम्म्यावर आणा, खूप फरक पडतो, कोणी सांगत नाही हे.

बाकी, टॅब जड आहे, पोटावर उशी ठेवून त्यावर टेकवावा लागतो. बॅटरी अजून तरी ठीक आहे. वाचकांची पत्रं मात्र बऱ्याच डिजिटल अंकांमध्ये नसतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण कोण कोणाच्या बाजूने आहे ते तिथेच कळायचं.

सध्या लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझचं १९८०चं न्यू टीन टायटन्स चालू केलंय, तेही टीमचंच. पेरेझ मागे उभ्या माणसाचाही चेहरा मन लावून काढतो, तो ह्या स्क्रीनवर नीट दिसतो, छोट्या टॅबवर नुसते ठिपके दिसायचे.